मोरी नसलेले घर

५ जून २०२४ रोजी सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर स्टारलायनर यानातून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे निघाले, तेव्हा त्यांचे कपडे आणि साबण-शाम्पू भरलेल्या दोन बॅगा जमिनीवरच राहिल्या. त्या कोणी विसरले नव्हते, मुद्दाम उतरवल्या होत्या. उड्डाणाच्या थोडेच दिवस आधी स्थानकावरच्या मूत्रशुद्धी यंत्रणेतला एक पंप बंद पडला. सुमारे ६८ किलो वजनाचा नवा पंप ताबडतोब वर धाडायचा, तर तेवढ्या वजनाचे दुसरे काहीतरी खाली ठेवणे भाग होते. दोघांनी वर पोचल्यावर राखीव साठ्यावर भागवले.

हिशेब वरवर किलोंचा दिसतो. पंप नसेल तर मूत्र पिंपात साठवत बसावे लागते आणि प्यायचे पाणी आटत जाते. शाम्पू नसेल तर फार तर केस चिकट होतात. पण या दोन वस्तूंचे नाते त्याहून जवळचे आहे. शाम्पू लावल्यावर केसांतून उडालेले पाणी ज्या जलशुद्धी यंत्रणेत जाऊन पडते, तिच्याच साखळीतला हा पंप. अवकाशयानात प्रसाधनाची वस्तू आणि पाण्याचे यंत्र यांचा वेगवेगळा विचार करता येत नाही, आणि या विवेचनाचा सगळा रोख तिकडेच आहे.

साबण, शाम्पू, टूथपेस्ट या वस्तू जमिनीवर खरे तर अर्धेच काम करतात. मळ सुटा करणे त्यांचे. सुटलेला मळ वाहून नेणे मोरीचे. मोरीची जाहिरात कोणी करत नाही, म्हणून सगळे श्रेय साबणाच्या वडीला मिळते. या प्रत्येक वस्तूच्या घडणीत दोन गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या असतात. पाणी आपोआप खाली जाईल, ही एक. खाली गेलेले पाणी घराबाहेर जाईल आणि पुन्हा आपल्या ताटाशी येणार नाही, ही दुसरी. अवकाशयानात दोन्ही गृहीते एकदमच कोसळतात. तिथे ‘खाली’ नाही आणि ‘बाहेर’ही नाही. म्हणून एखादी वस्तू अंग किती स्वच्छ करते यापेक्षा वापर झाल्यावर ती जाते कुठे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. जाण्यासारख्या जागा तीनच आहेत: कोठडीतली हवा, पुनर्वापराचे पाणी आणि कचऱ्याची पिशवी.

पाणी अंगाला का चिकटते

स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तिथे पृथ्वीचे गुरुत्व संपलेले नसते. जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के इतके ते असते. पण स्थानक आणि त्यातले सगळे काही पृथ्वीभोवती एकत्रच ‘पडत’ असल्यामुळे आत वजन जाणवत नाही. वजन गेले की द्रवाच्या वागण्याचा ताबा पृष्ठताणाकडे जातो.

किती ताबा जातो, हे एका लांबीवरून समजते. पाण्याचा पृष्ठताण आणि त्याचे वजन यांची बरोबरी जमिनीवर सुमारे २.७ मिलिमीटर या मापाशी होते. त्याहून लहान थेंब कातडीला चिकटून राहतो, मोठा ओघळतो. नळाखाली हात धरला की पाणी निथळते ते हा आकडा इतका लहान आहे म्हणून. वजनरहित अवस्थेत हे माप माणसाच्या शरीराहूनही मोठे होते, म्हणजे निथळणे हा प्रकारच उरत नाही. कॅनडाचे अंतराळवीर ख्रिस हॅडफील्ड यांनी २०१३ मध्ये स्थानकावर ओले फडके पिळून दाखवले. पाणी खाली पडले नाही. फडक्याभोवती त्याची पारदर्शक नळी झाली आणि ती हळूहळू हातांवर चढली.

त्या प्रात्यक्षिकाची चित्रफीत गमतीची वाटते. त्याच वर्षी १६ जुलैला मात्र याच भौतिकीने एका माणसाचा जीव धोक्यात घातला. इटलीचे लुका पार्मितानो स्पेसवॉकवर असताना त्यांच्या हेल्मेटमध्ये शीतन यंत्रणेतले पाणी झिरपू लागले. लिटरभराहून अधिक पाणी डोक्यामागून सरकत कान, डोळे आणि नाक यांवर पसरले. जमिनीवर हेच पाणी मानेवरून खाली गेले असते. तिथे ते चेहऱ्यालाच धरून राहिले. पार्मितानो चाचपडत, आठवणीने वाट काढत हवाबंद कक्षात परतले. वर गेल्यावर नाकातोंडाजवळ पाणी नेताना एवढी काळजी का घेतात, हे या प्रसंगानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

साबणाने ही अडचण कमी होत नाही, वाढते. साबण पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून खाली आणतो, त्यामुळे साबणाचे पाणी आणखी पसरते. त्यात फेसाची भर. जमिनीवर फेस मरतो, कारण बुडबुड्याच्या पापुद्र्यातले द्रव खाली झिरपून पापुद्रा पातळ होतो आणि फुटतो. वजनच नसेल तर झिरपणे थांबते आणि फेस कितीतरी जास्त वेळ तग धरतो. आपल्याकडे भरपूर फेस हे चांगल्या साबणाचे लक्षण मानले जाते. यानात तो नुसता उपद्रव असतो.

हे सगळे ठाऊक असूनही अमेरिकेने १९७३ मध्ये सोडलेल्या स्कायलॅब स्थानकावर शॉवर बसवला होता. जमिनीलगतच्या कड्यातून वर ओढून घ्यायचा कापडी नळकांड्याचा पडदा, आत उभा राहणारा माणूस, हातात फवारा आणि पाणी शोषून घेणारी व्हॅक्यूमची नळी. एका अंघोळीला पाणी सुमारे ३ लिटर मिळे. पाणी अंगावर घेण्यापेक्षा ते अंगावरून, पडद्यावरून, कोपऱ्यांतून शोषून काढण्यातच वेळ जाई. सगळा खटाटोप आवरायला अडीच तासांपर्यंत लागत. सोव्हिएत संघाच्या सॅल्यूत आणि मीर स्थानकांवरही शॉवर होते. मीरवरचा पुढे काढून टाकला. आजच्या स्थानकावर तो नाही, आणि तिथे सहा-सहा महिने राहणाऱ्यांपैकी कोणी त्यावाचून अडल्याचे दिसत नाही. शॉवर अंग स्वच्छ करत नव्हता असे नाही. मोरीचे काम माणसाच्या हातांवर आले, आणि ते काम अंघोळीपेक्षा मोठे निघाले.

काय वगळायचे

शॉवर गेल्यावर जी पद्धत उरली ती आपल्याकडच्या आजारी माणसाचे अंग पुसण्याच्या पद्धतीहून फार निराळी नाही: पिशवीतले थोडे कोमट पाणी, न धुता चालणारा साबण, ओला टॉवेल, कोरडा टॉवेल. हे साम्य योगायोगाचे नाही. स्थानकावर वापरतात तो न धुता चालणारा शाम्पू मुळात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी तयार झाला होता. अंतराळवीर कॅरन नायबर्ग यांनी जुलै २०१३ मध्ये स्थानकावर लांब केस कसे धुतात ते कॅमेऱ्यासमोर दाखवले. टाळूवर पिशवीतून थोडे पाणी सोडायचे, उडून जाऊ पाहणारे थेंब हाताने पकडायचे, शाम्पू चोळायचा, टॉवेलने मळ टिपायचा, पुन्हा थोडे पाणी, फणी, आणि मग केस मोकळे सोडून वाळवायचे. केसांतून उडालेले पाणी वातानुकूलन यंत्रणेत जमते आणि शुद्ध होऊन प्यायला परत येते, हेही त्यांनी सहज सांगितले. माझ्या मते त्या चित्रफितीतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच, पण पाहणाऱ्यांच्या लक्षात राहिले ते हवेत उभे राहिलेले केस.

टूथपेस्टची वाट उलट दिशेने गेली. चूळ भरून थुंकायची सोय नसल्यामुळे फेस न करणारी आणि गिळली तरी चालणारी पेस्ट हवी होती. ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले डॉ. आयरा शॅनन यांनी नासासाठी तशी पेस्ट तयार केली. पुढे ती थुंकता न येणाऱ्या रुग्णांच्या उपयोगी पडली. आज मात्र अंतराळवीर सरसकट बाजारातलीच टूथपेस्ट नेतात. अगदी थोडी घेतात आणि गिळून टाकतात, नाहीतर कागदी रुमालात थुंकतात. म्हणजे वस्तू बदलण्याऐवजी सवय बदलली आणि प्रश्न सुटला. अवकाशासाठी खास बनवलेल्या वस्तूंचे कौतुक होते तेव्हा ही बाजू मागे पडते. बरेचदा बाजारातल्या वस्तूला वेल्क्रोचा तुकडा चिकटवणे एवढेच तिचे ‘रूपांतर’ असते.

दाढीच्या बाबतीत पृष्ठताण चक्क मदतीला आला. सुरुवातीच्या मोहिमांत कापलेले खुंट तरंगत डोळ्यांत किंवा उपकरणांत जातील अशी भीती होती. मे १९६९ मध्ये अपोलो १० च्या चमूने साधे क्रीम आणि साधे रेझर घेऊन दाढी केली. घट्ट क्रीमने खुंट धरून ठेवले, टॉवेलने ते पुसून काढले, काम झाले. जे चिकटणे अंघोळीला आडवे येते तेच इथे उपकारक ठरले. द्रवाने धरून ठेवता येईल असा मळ सोपा. सुटा, कोरडा मळ अवघड.

म्हणून नखे आणि केस यांना वेगळी युक्ती लागते. नखे हवा आत ओढणाऱ्या जाळीजवळ बसून कापतात. तुकडे जाळीवर जाऊन चिकटतात आणि मग व्हॅक्यूमने उचलतात. केस कापायच्या यंत्रालाच व्हॅक्यूमची नळी जोडलेली असते. पायांचे तर वेगळेच. चालणे थांबल्यामुळे तळव्यांची जाड कातडी मऊ पडून सोलवटते, आणि पाय अडकवून उभे राहायची दांडी घासून पावलांच्या वरच्या बाजूला घट्टे पडतात. मोजे काढताना बेफिकिरी केली तर कातडीचे पापुद्रे शेजाऱ्याच्या तोंडापर्यंत पोचतात. स्थानकावर शनिवारी साफसफाई होते, त्यात गाळण्यांच्या जाळ्या साफ करणे हे मोठे काम असते. त्यातला बराचसा मळ माणसांच्या अंगावरचाच.

हवा: सगळ्यांनी मिळून घ्यायचा श्वास

बंद कोठडीत कोणाचेही अत्तर खासगी राहत नाही. त्यामुळे यानात जाणाऱ्या वस्तूंतून कोणते वायू निघतात ते आधी मोजतात. वस्तू बंद भांड्यात ४९ अंश सेल्सियसला ७२ तास ठेवतात आणि भांड्यात जमलेल्या वायूंचे विश्लेषण करतात. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स येथील नासाच्या चाचणी केंद्रात तर माणसांचे एक पथक नाकाने वास घेऊन निकाल देते. इतक्या उपकरणांच्या काळात शेवटचा शब्द नाकाचा, हे मला फार आवडते. खिडकी उघडायची सोय नसलेल्या घरात, विषारी नसलेला पण असह्य वाससुद्धा मोहीम बिघडवू शकतो.

आग हा दुसरा निकष. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्या चाचणीत अपोलो १ ची कोठडी शुद्ध प्राणवायूत पेटली आणि तिघे अंतराळवीर गेले. त्यानंतर आत नेल्या जाणाऱ्या प्रत्येक पदार्थाच्या ज्वलनशीलतेची कसून चौकशी सुरू झाली. आज कोठडीतली हवा जमिनीसारखीच असते, पण चौकशी सैल झालेली नाही.

पाणी: खरी कसोटी

इथवर सांगितलेले सगळे प्रश्न युक्तीने सुटतात. पाण्याचे तसे नाही. इथे रसायनशास्त्राशी गाठ पडते.

माणसांचा श्वास, घाम, ओले टॉवेल आणि ओले केस यांची वाफ हवेत जाते. ती थंड पत्र्यांवर जमवून पाणी गोळा करतात. लघवी वेगळी साठवून, फिरत्या पिंपात कमी दाबाखाली तिचे ऊर्ध्वपातन करतात. ही दोन्ही पाणी एकत्र होऊन गाळण्या, शोषक पदार्थांचे थर आणि प्राणवायूच्या साह्याने सेंद्रिय द्रव्ये जाळणारी तप्त उत्प्रेरक कोठडी यांतून जातात, शेवटी आयोडीन मिसळून पिण्याच्या टाकीत पोचतात. यंत्रणेचे मुख्य भाग नोव्हेंबर २००८ मध्ये वर गेले. मागे उरणाऱ्या घट्ट खाऱ्या द्रावातूनही पाणी काढणारे यंत्र नंतर बसवले आणि २०२३ मध्ये एकूण पाण्यापैकी ९८ टक्के परत मिळवण्याचे उद्दिष्ट गाठल्याचे नासाने जाहीर केले.

९८ टक्के हा आकडा अभिमानाचा आहेच, पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. चक्र जितके घट्ट बंद, तितके त्यात शिरलेले नको असलेले द्रव्य अधिक काळ फिरत राहते. नदीत सोडलेला साबण नदी समुद्रापर्यंत नेते आणि आपण त्याला विसरतो. इथे तो तुमच्या चहात परत येण्याची वाट पाहत असतो.

२०१० मध्ये नेमके असेच काहीतरी घडले. स्थानकावरच्या शुद्ध पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बनाचे प्रमाण चढू लागले आणि ठरवलेल्या मर्यादेकडे सरकले. नमुने जमिनीवर आणून तपासले तेव्हा त्यात डायमिथिलसिलेनडायॉल नावाचा पदार्थ सापडला. त्या प्रमाणात तो अपायकारक नव्हता, पण तो आला कुठून? सिलोक्सेने नावाच्या सिलिकोन-वर्गातल्या संयुगांची वाफ ओलसर पत्र्यांवर पाण्याशी संयोग पावते आणि हा पदार्थ बनतो. सिलोक्सेनांचे उगम दोन: यंत्रांमधले चिकटद्रव, सीलबंदीचे पदार्थ आणि वंगण हा एक, अंतराळवीरांची क्रीम, डिओडरंट आणि ओले रुमाल हा दुसरा. त्वचा मऊ लागावी, केस सुळसुळीत दिसावेत म्हणून जी द्रव्ये घालतात तीच ही. आपल्या कपाटातल्या बाटल्यांवर सायक्लोपेंटासिलोक्सेन असे नाव सहज सापडेल. चटकन उडून जाणे हा गुण म्हणूनच ते निवडलेले असते, कारण लावल्यावर अंग तेलकट लागत नाही. बंद कोठडीत हाच गुण दोष ठरतो.

या पदार्थाचा रेणू लहान आणि विद्युतभार नसलेला. शोषक थर त्याला नीट धरत नाहीत आणि तप्त कोठडीतही तो पुरता जळत नाही. थर वेळेआधी बदलणे एवढाच तातडीचा उपाय होता, आणि हे थर म्हणजे खालून न्यायचे वजन. शिवाय सिलोक्सेने पत्र्यांवरच्या जलस्नेही लेपालाही बिघडवतात: पाणी पातळ थरासारखे पसरायच्या ऐवजी थेंबांत गोळा होते आणि हवेच्या झोताबरोबर पुढे उडते. पुढे हवेच्या वाटेवर कोळशाचा थर असलेल्या गाळण्या बसवल्या आणि प्रसाधनांतली सिलोक्सेने कमी करण्याकडे लक्ष वळले. डिओडरंटची एक कांडी जलशुद्धीच्या अभियंत्याला कामाला लावते, हे लक्षात घेतले की प्रसाधनांची निवड कोणाच्या हाती असावी हा प्रश्न उरत नाही.

अल्कोहोलचेही असेच. कोरोनाच्या काळात आपण जे सॅनिटायझर दिवसातून दहा वेळा हाताला चोळले, त्याला स्थानकावर आनंदाने जागा मिळणार नाही. ते पेट घेते हे झालेच, पण इथेनॉल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वाफेबरोबर पत्र्यांवर जमतात, पाण्यात पूर्ण विरघळतात, शोषक थरांतून निसटतात आणि सगळा भार त्या तप्त कोठडीवर टाकतात. तिची क्षमता ठरलेली. म्हणून अल्कोहोल असलेल्या वस्तूंवर बंधने आहेत आणि जंतुनाशक रुमालांत दुसरी द्रव्ये वापरतात.

शौचकूपात लघवी टिकवण्यासाठी घातले जाणारे आम्लसुद्धा याच कसोटीत एकदा नापास झाले. सुरुवातीला गंधकाम्ल वापरत. वजनरहित अवस्थेत हाडे झिजतात आणि त्यांतले कॅल्शियम लघवीतून जाते. कॅल्शियम आणि आम्लातले सल्फेट यांची गाठ पडून जिप्समचा साका धरू लागला आणि २००९ च्या अखेरीस ऊर्ध्वपातनाचे यंत्र बंद पडले. जमिनीवरच्या चाचण्यांत वापरलेल्या मूत्रात कॅल्शियम एवढे नव्हते. ते देणाऱ्यांची हाडे शाबूत होती! मग यंत्राकडून ८५ टक्क्यांऐवजी ७० ते ७५ टक्केच पाणी काढायचे ठरले, आणि फॉस्फरिक आम्ल आल्यावर गाडी रुळावर आली. रसायन स्वतःपुरते निर्दोष असून चालत नाही. त्याला पुढे कोण भेटणार आहे, हे ठाऊक असावे लागते.

शौचकूप, लंगोट आणि पाळी

अपोलोच्या काळात शौचाची सोय म्हणजे कडेला चिकटपट्टी लावलेली पिशवी. काम झाल्यावर तीत जंतुनाशक टाकून बाहेरून हाताने मळायचे. अंतराळवीरांनी याबद्दल जे म्हटले ते छापण्याजोगे नसावे. आजच्या शौचकूपात गुरुत्वाची जागा हवेच्या झोताने घेतली आहे. २०२० मध्ये स्थानकावर गेलेला नवा शौचकूप आधीच्यापेक्षा ६५ टक्के लहान आणि ४० टक्के हलका. त्यावर सुमारे २.३ कोटी डॉलर खर्च झाले म्हणून खूप थट्टा झाली. तीव्र आम्लाला दाद न देणारे टायटेनियमचे भाग त्यात आहेत आणि स्त्रियांच्या बसण्याचा विचार आधीच्यापेक्षा नीट केलेला आहे, हे थट्टा करणाऱ्यांनी वाचले नसावे. स्वस्तातला सांधा किती महाग पडतो ते २०२१ मध्ये ड्रॅगन यानात दिसले. गोंदाने जोडलेली एक नळी निसटली आणि लघवी कोठडीच्या फरशीखाली पसरली. त्या नोव्हेंबरमध्ये परतणाऱ्या चमूला शौचकूप बंद ठेवून लंगोट घालून यावे लागले. नंतर ती नळी वितळवून जोडू लागले.

लंगोट हा हास्यास्पद विषय मुळीच नाही. स्पेसवॉकला सहा ते आठ तास लागतात आणि पोशाख मध्येच उतरवता येत नाही. बाळांच्या डायपरमध्ये असते तेच पाणी शोषून जेल बनवणारे द्रव्य इथे काम करते. याच पोशाखाच्या बाबतीत बाळांच्या आणखी एका वस्तूने बाजी मारली. एप्रिल २००१ मध्ये हॅडफील्ड स्पेसवॉक करत असताना हेल्मेटच्या काचेवर धुके धरू नये म्हणून लावलेला साबणी लेप त्यांच्या डोळ्यात गेला. अश्रू ओघळले नाहीत, डोळ्यावरच गोळा झाले, मग नाकाच्या हाडावरून दुसऱ्या डोळ्यात गेले, आणि त्यांना काही काळ दोन्ही डोळ्यांनी दिसेना. पुढे त्या लेपाऐवजी डोळ्यांना न झोंबणारा बाळांचा शाम्पू वापरात आला, असे त्यांनीच सांगितले आहे.

पाळीच्या विषयात यंत्रापेक्षा समजुतीची उणीव जास्त दिसली. जून १९८३ मध्ये सॅली राइड जेमतेम आठवड्याच्या मोहिमेवर निघाल्या, तेव्हा अभियंत्यांनी त्यांना विचारले, शंभर टॅम्पून पुरतील ना? हा किस्सा सगळे सांगतात आणि हसतात. त्यामागचा गंभीर भाग कमी सांगितला जातो. वर्षा जैन आणि व्हर्जिनिया वोट्रिंग यांनी २०१६ मध्ये लिहिलेल्या निबंधात नोंदवले आहे की, स्थानकाच्या अमेरिकी भागातली मलमूत्र यंत्रणा पाळीच्या रक्ताचा विचार करून बनवलेली नव्हती. लांब मोहिमेवर जाणाऱ्या अनेक स्त्रिया गोळ्या घेऊन पाळीच थांबवतात. तीन वर्षांच्या मंगळमोहिमेला अशा सुमारे १,१०० गोळ्या लागतील. गोळी घेणे हा ज्या त्या स्त्रीचा निर्णय. पण यंत्रणा तयार नाही म्हणून तो घ्यावा लागत असेल, तर ती यंत्रणेचीच उणीव म्हटली पाहिजे.

कपडे

स्थानकावर धुलाई यंत्र नाही. कपडे वापरतात आणि टाकून देतात. ते मालवाहू यानाबरोबर वातावरणात जळून जातात. नासाच्या हिशेबाने एका माणसाला वर्षाला सुमारे ७३ किलो कपडे लागतात. जपानचे कोइची वाकाता यांनी २००९ मध्ये जंतुरोधक कापडाची अंतर्वस्त्रे महिनाभर न बदलता घालून पाहिली, आणि सहकाऱ्यांनी तक्रार केली नाही. चंद्रावर वा मंगळावर मालवाहू यान दर दोन महिन्यांनी जाणार नाही. त्यासाठी २०२१ मध्ये प्रॉक्टर अँड गँबल या कंपनीने नासाशी करार करून पूर्णपणे विघटन होणारा कपड्यांचा साबण बनवण्याचे काम हाती घेतले आणि पुढच्या वर्षी त्याचे घटक स्थानकावर तपासायला पाठवले. या वस्तूचा विचार पहिल्यापासून शुद्धीकरणाच्या टोकाकडून झाला, हे मला महत्त्वाचे वाटते. डाग जातो की नाही, हे त्यानंतर.

चंद्रावर परिस्थिती थोडी सुधारेल. तिथे गुरुत्व पृथ्वीच्या एक षष्ठांश, त्यामुळे पाणी निथळायचे माप २.७ वरून साधारण ६.६ मिलिमीटरवर जाईल. थेंब मोठे होतील, सावकाश पडतील, पण पडतील. म्हणजे मोरी बांधता येईल. मात्र तिचे पाणी घराबाहेर सोडता येणार नाही.

आपल्यापुरते

शुभांशु शुक्ला यांनी २०२५ च्या जून-जुलैत स्थानकावर अठरा दिवस काढले ते वर सांगितलेल्या व्यवस्थेतच. गगनयानाची समानव मोहीम तीन दिवसांपर्यंतची. तेवढ्यासाठी ओले रुमाल, पिशव्या आणि लंगोट पुरतात. त्यात नवे शोधायला फारसे नाही. २०३५ पर्यंत उभारायच्या भारतीय अंतराळ स्थानकाची गोष्ट निराळी आहे. तिथे आपली माणसे महिनोन्महिने राहतील आणि आपल्या सवयी बरोबर नेतील: शौचाला पाणी, डोक्याला तेल, सकाळी जीभ घासणे. या सवयी सोडा असे सांगणे सोपे आहे. पण शौचाच्या पाण्यासाठी हवेच्या झोताचा वेगळा मार्ग ठेवता येईल का, ते पाणी लघवीच्या टाकीत जाईल की स्वतंत्र, तेलाचा अंश टॉवेलातून हवेत आणि हवेतून पत्र्यांवर किती पोचतो, हे प्रयोगशाळेत मोजण्यासारखे प्रश्न आहेत, आणि ते दुसरा कोणता देश आपल्यासाठी मोजणार नाही. जलशुद्धीची यंत्रणा आधी बांधून टाकायची आणि साबण-तेलाची यादी शेवटी एखाद्या खरेदी विभागाकडे सोपवायची, ही चूक टाळायला अजून वेळ आहे. ती यादी जलरसायनतज्ज्ञाच्या टेबलावर, यंत्रणेच्या आराखड्याशेजारी, आत्ताच तयार व्हायला हवी.